दोन भाषांचे उपासक – माधवराव सप्रे

महाराष्ट्राच्या ईशान्य सीमेवर गोंदिया जिल्हा वसलेला आहे. १९९९ पूर्वी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. भाताची शेते, जुने तलाव आणि दाट वने यांनी तो नटलेला आहे. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, तर पूर्वेस छत्तीसगडातील राजनांदगावचा परिसर. साहजिकच गोंदियाच्या बाजारात एकाच वेळी अनेक भाषा कानांवर पडतात. विकणारा मराठीत भाव सांगतो आणि घेणारा हिंदीत घासाघीस करतो. कोणी पोवारी बोलतो, कोणी गोंडी, तर कोणी छत्तीसगढी. येथील मुलाला दुसरी भाषा शिकण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही; ती अंगणातच भेटते.

गोंदिया हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. नागपूरहून निघालेली गाडी गोंदिया ओलांडून आमगाव, सालेकसा, दरेकसा या मार्गाने रानावनांतून पुढे जाते आणि डोंगरगड, राजनांदगाव करीत रायपूर व बिलासपूर गाठते. वाटेत राज्य बदलते, स्थानकांवरील पाट्यांची भाषा बदलते. डब्यातील प्रवाशांची बोली मात्र पाटी बदलण्याची वाट पाहत नाही. या लोहमार्गाच्या एका टोकाला नागपूर आणि दुसऱ्या टोकाला रायपूर व बिलासपूर. या दोन टोकांच्या दरम्यान ज्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग गेला आणि ज्यांनी मराठी व हिंदी या दोन भाषांमध्ये विचारांची अखंड ये-जा चालू ठेवली, अशा एका थोर पुरुषाचे हे चरित्र आहे. त्यांचे नाव माधवराव सप्रे.

सप्रे हे आडनाव मूळचे कोकणातले. मग हे घराणे विंध्याद्रीच्या पलीकडे कसे गेले, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता उत्तरेकडे पसरली. बुंदेलखंडातील सागरचा प्रदेश पेशव्यांच्या कारभाऱ्यांकडे आला आणि छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. फौजेबरोबर शिपाई गेले. त्यांच्यामागून कारकून, पुरोहित, वैद्य आणि व्यापारी गेले. पुढे पेशवाई बुडाली, १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले. पण तिकडे रुजलेली मराठी कुटुंबे तिकडेच राहिली. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण केला, तेव्हा नागपूर, भंडारा, रायपूर, बिलासपूर, जबलपूर, सागर आणि दमोह हे सारे जिल्हे एकाच प्रांतात आले. मराठी आणि हिंदी यांचा संसार असा एकाच छपराखाली सुरू झाला.

या प्रांतातील दमोह जिल्ह्यात पथरिया नावाचे एक गाव आहे. तेथे १९ जून १८७१ रोजी माधवरावांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव कोंडोपंत आणि मातोश्रींचे नाव लक्ष्मीबाई. घरची स्थिती ओढग्रस्तीची होती. गावी निर्वाह होईना, तेव्हा कुटुंबाने बिलासपूरची वाट धरली. माधवरावांचे वडील बंधू बाबूराव यांचा या कुटुंबाला मोठा आधार होता. या बंधूंनी धाकट्या भावावर पित्यासारखी माया केली, आणि माधवरावांनीही त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. या मायेचा एक फार कठीण प्रसंग पुढे यावयाचा होता.

जन्मगाव सुटले तेव्हा माधवराव अगदी लहान होते. पथरियाच्या आसमंतात बुंदेली बोलली जाई, बिलासपुरात छत्तीसगढी. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र मराठी होती. शाळेत हिंदीतून धडे गिरवायचे आणि घरी येऊन मराठीत बोलायचे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. लहान मुलाला यात कष्ट वाटत नाहीत. नदीच्या काठी वाढलेले मूल जसे न शिकविता पोहू लागते, तसे ते दोन भाषांच्या प्रवाहात सहज वावरू लागते. परंतु पोहता येणे निराळे आणि इतरांना पैलतीरी पोहोचविणे निराळे. माधवरावांनी पुढे हे दुसरे काम केले, म्हणून त्यांचे स्मरण करावयाचे.

बिलासपूरचे शिक्षण संपवून ते रायपूरच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तेथे त्यांना नंदलाल दुबे नावाचे शिक्षक लाभले. ते स्वतः हिंदीत लेखन करीत. चांगल्या शिक्षकाच्या सहवासात विद्यार्थ्याला केवळ ज्ञान मिळत नाही, तर ज्ञानाची गोडी लागते. हिंदी ही तोवर माधवरावांच्या लेखी शाळेची व बाजाराची भाषा होती. आता ती त्यांच्या आवडीची भाषा झाली. १८९० मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

यापुढील आठ-दहा वर्षे त्यांना एका जागी स्वस्थता लाभली नाही. उच्च शिक्षणासाठी ते जबलपुरास गेले. पण प्रकृतीच्या तक्रारी आणि पैशाची चणचण यांमुळे शिक्षणात खंड पडला. मध्यंतरी त्यांनी बांधकामाची ठेकेदारी करून पाहिली; तिच्यात खोट आली. पुन्हा पुस्तके हाती घेऊन ते ग्वाल्हेरला गेले. ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी. तेथे दरबारात आणि मराठी वाड्यांतून मराठी ऐकू येई, तर गल्ल्यांतून हिंदी. तेथून ते नागपुरास आले. नागपूर हे मध्यप्रांताचे मुख्य शहर आणि मराठी वृत्तपत्रांचे व सभासंमेलनांचे केंद्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बी.ए. झाले. पथरिया, बिलासपूर, रायपूर, जबलपूर, ग्वाल्हेर आणि नागपूर अशी सहा गावे त्यांच्या बालपणाने व तारुण्याने पाहिली. प्रत्येक गावाने त्यांना काही दिले. कोणी शब्दांचा साठा दिला, कोणी माणसांची ओळख दिली, तर कोणी दारिद्र्याचा अनुभव दिला.

त्या काळी पदवीधर तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत. बी.ए. झालेल्या मनुष्याला सरकारी अधिकाराची जागा मिळणे अवघड नव्हते. माधवरावांनाही तहसीलदारीचा मार्ग मोकळा होता. घरची ओढाताण पाहता त्यांनी तो स्वीकारला असता, तर कोणी दोष दिला नसता. परंतु परक्या सरकारची चाकरी करावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा या लहानशा जमीनदारीत राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम पत्करले. पगार बेताचाच होता. पण त्यातूनच शिल्लक टाकून त्यांनी एक मोठे स्वप्न साकार केले.

जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' नावाचे हिंदी मासिक निघू लागले. पेंड्रा हे रानाच्या कुशीतील गाव; तेथे छापखाना कोठून असणार? मजकूर पेंड्र्यात तयार व्हावयाचा आणि छपाई आरंभी रायपुरात व पुढे नागपुरात व्हावयाची. या कामात माधवरावांना दोन सहकारी मिळाले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांच्या जोडीला होते आणि प्रकाशनाची बाजू वामन बळीराम लाखे सांभाळीत. ही नावे वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. छत्तीसगडातील या पहिल्या हिंदी मासिकाचे तिन्ही आधारस्तंभ मराठी घरांत जन्मलेले होते. आपण ज्या भूमीत वाढलो, जिचे अन्न खाल्ले, त्या भूमीची भाषा समृद्ध करणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची भावना होती. मराठीत त्या वेळी मासिके होती, निबंध होते, ग्रंथपरीक्षणाची परंपरा होती. मराठीत जे पाहिले ते हिंदीतही असावे, ही माधवरावांची तळमळ होती. म्हणूनच नव्या पुस्तकांची गुणदोषांसह निर्भीड परीक्षणे हे त्यांच्या मासिकाचे एक वैशिष्ट्य ठरले.

याच मासिकात १९०१ मध्ये त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही लहानशी कथा प्रसिद्ध झाली. टोकरी म्हणजे टोपली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते. शेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. तो कोर्टकचेरी करून ती झोपडी बळकावितो. म्हातारीची लहान नात घर सुटल्यापासून अन्नाला शिवत नाही. आपल्या घरच्या मातीची चूल घातली तर नात जेवेल, म्हणून म्हातारी एक टोपली माती मागावयास येते. माती भरून झाल्यावर ती जमीनदाराला टोपलीला हात लावण्याची विनंती करते. तो सारा जोर लावतो. पण टोपली जागची हलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला विचारते की, एका टोपलीचा भार ज्याला उचलवत नाही, तो या झोपडीच्या हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो. हिंदीतील अगदी आरंभीच्या लघुकथांमध्ये या कथेची गणना होते. अनेक अभ्यासक तर तिला पहिला मान देतात. मराठी मातृभाषा असलेल्या लेखकाच्या हातून हिंदी कथेच्या पायाचा एक दगड असा बसविला गेला.

मासिक गुणाने मोठे होते. पण वर्गणीदार थोडे आणि खर्च फार. १९०२ अखेर ते बंद करावे लागले. माधवराव खचले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीत शास्त्रीय परिभाषेचा कोश तयार करण्याचे काम हाती घेतले होते. त्यातील अर्थशास्त्राच्या भागात माधवरावांनी परिश्रम केले. पुढे नागपुरास येऊन त्यांनी 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली आणि स्वदेशी चळवळीवर हिंदीत पुस्तक लिहिले. त्या पुस्तकावर सरकारची वक्रदृष्टी वळली आणि काही वर्षांतच ते जप्त झाले.

तो काळच मोठा धामधुमीचा होता. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि देशभर स्वदेशीची लाट उसळली. पुण्याहून लोकमान्य टिळकांचा 'केसरी' महाराष्ट्राला जागवीत होता. परंतु 'केसरी' मराठीत निघे. गोंदियाच्या पलीकडे गेले की त्याचा आवाज मंदावे; जबलपूर, काशी, प्रयाग येथील सामान्य वाचकांपर्यंत तो पोहोचत नसे. भाषेची ही भिंत माधवरावांना सलत होती. १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू केले. 'केसरी'तील विचार हिंदीच्या पेहरावात उत्तरेकडे जाऊ लागले. नागपूर हे या कामासाठी योग्य ठिकाण होते, कारण तेथे दोन्ही भाषांचे वारे वाहत होते.

मराठीतून हिंदीत लिहिणे हे वरवर पाहता सोपे वाटते. दोहोंची लिपी देवनागरी, दोहोंचे आजोळ संस्कृत. पण जेथे साम्य अधिक, तेथे चकवाही अधिक. शिक्षा म्हटले की मराठी मूल घाबरते, कारण त्याला दंड आठवतो; हिंदी मुलाच्या मनात मात्र शिक्षण येते. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत तोच शब्द प्रयत्नासाठी येतो. मराठीत संसार म्हणजे घरप्रपंच, हिंदीत अवघे जग. व्यक्ती हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे आणि हिंदीत पुल्लिंगी. विजय मराठीत पुल्लिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी. मराठीतील नपुंसकलिंगाला हिंदीत जागाच नाही. जो दोन्ही भाषा अर्धवट जाणतो, तो अशा शब्दांवर अडखळतो आणि वाचकालाही पाडतो. ज्याने दोन्ही भाषा लहानपणापासून जगून पाहिल्या, त्यालाच शब्दाच्या चेहऱ्यावरून न फसता त्याचे अंतःकरण ओळखता येते. माधवरावांची गावोगावची वणवण येथे उपयोगी पडली.

१९०८ साल उजाडले. सरकारने राष्ट्रीय वृत्तपत्रांवर दडपशाही सुरू केली. जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांची मंडालेला रवानगी झाली. लगेच पुढच्या महिन्यात, २२ ऑगस्ट रोजी, 'हिंदी केसरी'तील लेखांवरून माधवरावांनाही त्याच आरोपाखाली अटक झाली. ते तुरुंगात गेले. त्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती. कोठडीत ती अधिकच ढासळली. तरीही त्यांचा निर्धार ढळला नव्हता.

परंतु बाहेर वडील बंधू बाबूरावांचा धीर सुटला होता. पोटच्या मुलासारखा वाढविलेला भाऊ तुरुंगात झिजताना त्यांना पाहवेना. माधवरावांनी माफीपत्रावर सही करावी, नाहीतर आपण प्राणत्याग करू, असा निर्वाणीचा हट्ट त्यांनी धरला. एकीकडे तत्त्व आणि दुसरीकडे पित्यासमान बंधूंचा प्राण, असा तो पेच होता. माधवरावांनी अखेर माफीपत्रावर सही केली आणि त्यांची सुटका झाली.

तुरुंगाचे दार उघडले, पण मनाला सुटका मिळाली नाही. ज्या लेखणीने सहस्रावधी वाचकांना निर्भयतेचा उपदेश केला, त्याच लेखणीने आपण क्षमा मागितली, हे शल्य त्यांना रात्रंदिवस टोचू लागले. दुसऱ्या एखाद्याने बंधूंच्या हट्टाकडे बोट दाखवून स्वतःची समजूत घातली असती. माधवरावांनी तसे केले नाही. सही आपल्या हाताची आहे, तेव्हा तिचे प्रायश्चित्तही आपणच घेतले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. त्यांनी सुखवस्तूंचा त्याग केला. अंगावर साधी वस्त्रे घालून ते दारोदार माधुकरी मागून राहू लागले. बी.ए. झालेला, नामांकित पत्राचा संपादक असलेला हा पुरुष हातात झोळी घेऊन उभा राहतो, हे दृश्य पाहून अनेकांचे हृदय हेलावले असेल.

या अंधारात त्यांना वाट दाखविली ती त्यांच्या मातृभाषेतील एका ग्रंथाने. वर्ध्याजवळील हनुमानगढ येथे श्रीधर विष्णू परांजपे हे रामदासी सत्पुरुष राहत. माधवराव त्यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'ची पुनःपुन्हा पारायणे केली. वीस दशके आणि दोनशे समास यांचा हा ग्रंथ खचलेल्या माणसाला उभे करणारा आहे. प्रपंच नेटका करावा, आळस सोडावा, आधी यत्न करावा आणि लोकांना शहाणे करावे, असे तो सांगतो. माधवरावांच्या दुखावलेल्या मनाला त्यातून बळ मिळाले. पडलेल्या माणसाने पडूनच राहणे हे प्रायश्चित्त नव्हे; उठून दुप्पट काम करणे हेच खरे प्रायश्चित्त, हे त्यांना उमगले.

मग त्यांनी जे केले, ते त्यांच्या स्वभावाला शोभणारेच होते. जे औषध आपल्याला लागू पडले ते आपल्या हिंदी बांधवांनाही मिळावे, म्हणून त्यांनी 'दासबोधा'चा हिंदीत अनुवाद केला. समर्थांची मराठी सतराव्या शतकातली, रोखठोक आणि कधी कधी खडबडीत. तिच्यातील शब्द आजच्या मराठी वाचकालाही अडवितात. तो आशय हिंदी वाचकाला आपलासा वाटेल अशा भाषेत मांडणे हे मोठे अवघड काम होते. माधवरावांनी ते उपासनेच्या वृत्तीने पार पाडले. दुःखाच्या काळात मनुष्य आपल्या आईकडे धाव घेतो. माधवरावांनी आईच्या भाषेकडे धाव घेतली, आणि तेथे जे मिळाले ते मावशीच्या घरी नेऊन वाटले.

या काळात रायपूर हे त्यांचे कायमचे कार्यक्षेत्र बनले. तेथे त्यांनी रामदासी मठ स्थापन केला आणि मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी कन्या पाठशाळा सुरू केली. मुलींना शाळेत पाठविण्यास त्या वेळी घराघरांतून विरोध होत असे. तो पत्करून त्यांनी हे कार्य केले.

इकडे मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी 'गीतारहस्य' हा महान ग्रंथ लिहिला होता. सुटकेनंतर १९१५ मध्ये तो मराठीत प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ हिंदीत यावा असे ठरले, तेव्हा ते काम माधवरावांकडे आले. वेदान्त, सांख्य आणि कर्मयोग यांची सूक्ष्म चर्चा, पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या मतांचे परीक्षण आणि लोकमान्यांची भारदस्त वाक्यरचना, हे सारे दुसऱ्या भाषेत उतरविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. तरीही १९१६ मध्ये, म्हणजे मूळ ग्रंथ निघाल्यानंतर अगदी थोड्या काळात, हिंदी अनुवाद वाचकांच्या हाती पडला. उत्तर भारतातील असंख्य वाचकांना लोकमान्यांचा कर्मयोग समजला तो माधवरावांच्या शब्दांतून. तो अनुवाद आजही वाचला जातो. ज्या वर्षी लोकमान्य मंडालेला गेले, त्याच वर्षी माधवरावांच्या हातून ती सही झाली होती. लोकमान्यांचा बंदिवासातील ग्रंथ आपल्या हाताने हिंदीत लिहिताना त्या हाताचे जुने शल्य काहीसे शमले असावे.

त्यानंतर त्यांनी भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतावरील मराठी ग्रंथाचाही हिंदीत अनुवाद केला. 'महाभारत मीमांसा' या नावाने तो प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकातील समर्थांपासून त्यांच्या समकालीन पंडितांपर्यंत मराठीतील उत्तम विचारधन त्यांनी हिंदीच्या अंगणात नेऊन ठेवले. अनुवाद करणाऱ्याचे नाव मूळ लेखकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापले जाते. माधवरावांना त्याची खंत नव्हती.

स्वतः मागे राहून इतरांना पुढे करण्याची ही वृत्ती त्यांच्या सार्वजनिक कार्यातही दिसते. १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' हे हिंदी साप्ताहिक निघाले. त्यामागे माधवरावांची प्रेरणा होती. पण संपादकाच्या आसनावर त्यांनी माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीला बसविले. पुढे हेच चतुर्वेदी हिंदीतील अग्रगण्य कवी व पत्रकार म्हणून गाजले. माणसे पारखणे आणि त्यांना घडविणे हेही माधवरावांचे एक मोठे लेखनच होते. फक्त ते कागदावर झाले नाही.

१९२४ मध्ये देहरादून येथे अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदी माधवराव सप्रे यांची निवड झाली. मराठी ज्यांची मातृभाषा, त्यांना हिंदी साहित्यिकांनी आपल्या सर्वोच्च व्यासपीठावर बसविले. हा जसा माधवरावांचा गौरव होता, तसाच तो हिंदी भाषिकांच्या मनाच्या मोठेपणाचाही पुरावा होता. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, २३ एप्रिल १९२६ रोजी, रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना पंचावन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती. भोपाळ येथे १९८४ मध्ये जुन्या वृत्तपत्रांचे एक संग्रहालय स्थापन झाले. त्याला माधवरावांचे नाव देण्यात आले आहे.

माधवराव या वाटेवर एकटे नव्हते. वैद्यनाथधामजवळ वाढलेल्या सखाराम गणेश देऊसकर यांनी बंगालीत 'देशेर कथा' हे पुस्तक लिहून बंगालला जागविले. काशीत जन्मलेल्या बाबूराव विष्णू पराडकरांनी हिंदी वृत्तपत्रसृष्टीला वळण लावले. सातारचे काका कालेलकर गुजरातीचे श्रेष्ठ निबंधकार झाले. यांपैकी कोणालाही दुसरी भाषा आपलीशी करण्यासाठी मराठीचा त्याग करावा लागला नाही. उलट, मराठीतून मिळालेल्या शिदोरीवरच त्यांनी हा प्रवास केला.

दोन भाषा येणारा मनुष्य दोन्हीकडे अर्धाच राहतो, अशी काहींची समजूत असते. माधवरावांच्या चरित्राने ती खोटी ठरविली आहे. बालपणी गावे सुटत गेली, शाळा बदलल्या, सोबती दुरावले. पण जे जे गाव सोडले, त्याची भाषा त्यांनी बरोबर घेतली. त्यामुळे ते कोठेही परके राहिले नाहीत. त्यांच्या हातून एक चूक घडली. तीही त्यांनी लपविली नाही, तर जन्मभर सेवा करून धुऊन काढली. त्या सेवेचे साधन झाल्या त्यांच्या दोन भाषा.

आजही गोंदियाच्या फलाटावर एखादे मूल आजीशी मराठीत बोलता बोलता शेजारच्या प्रवाशाला हिंदीत उत्तर देते. आपण काही विशेष करीत आहो, असे त्याला वाटतही नाही. पण त्याच्या ओठांवर एक मोठी ठेव आहे. ती केवळ सौदा करण्यासाठी खर्चावयाची, की एका घरातील दिवा दुसऱ्या घरात नेण्यासाठी वापरावयाची, हे त्याने मोठेपणी ठरवावयाचे आहे. माधवराव सप्र्यांनी ते एकदा ठरविले, आणि त्यांच्या लेखणीने दोन्ही घरांत उजेड झाला.